आबांची काडेपेटी

आमच्या खात्यात किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. जीप बंद पडली की झालं. आमच्या जीपला कापूरहोळच्या चौकाचा भारी लळा. भोरला जायचं असो की नसरापूरला, ती तिथं आली की हमखास बसते. गॅरेजवाला बॉनेट उघडून डोकं आत घालतो, आम्ही समोरच्या ढाब्यावर चहा सांगतो, आणि मग कोणीतरी म्हणतं, "ते आबांचं सांगितलं का तुम्हाला?" सांगितलेलं असतं. तरी सगळे पुन्हा ऐकतात.

आम्ही म्हणजे तिघं. धुमाळसाहेब आमचे वनपाल. आवाज मोठा, राग छोटा. तात्या आमचे वनमजूर, याच डोंगरात जन्मलेले आणि त्याचा अभिमान बाळगून असलेले. आणि मी, वनरक्षक शेलार, मूळची भोरची. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी दक्षिणेकडच्या व्याघ्र प्रकल्पात काढली आणि मग बदली होऊन वेल्ह्याच्या डोंगरात आले. चौथे आबा. ते खात्यात नाहीत. उलट खात्याला सगळ्यात जास्त त्रास त्यांनीच दिला. पण त्यांच्याशिवाय आमचा एकही किस्सा पुरा होत नाही.

आबांच्या गावाला मी नुसतं 'वाडी' म्हणते. खरं नाव घेतलेलं त्यांना आवडायचं नाही.

* * *

बदली होऊन आले त्याच आठवड्यात पानशेतच्या एका हॉटेलात आम्ही मिसळ खात होतो. शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब होतं. खाकी कपडे बघून त्यातल्या गृहस्थांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

"मॅडम, आधी कुठं होता तुम्ही?"

मी व्याघ्र प्रकल्पाचं नाव सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे वाघ पाहिलाय?"

"पाहिलाय. लांबून."

"मग इथं कुठं दिसेल?"

"इथं वाघ नाही. बिबट्या आहे, भेकर, सांबर, साळिंदर आहे. शेकरू आहे. कधीतरी गवा येतो."

गृहस्थांनी माझ्याकडे, मग साहेबांकडे, मग आमच्या मिसळीकडे पाहिलं. "वाघच नाही तर मग तुम्ही राखता काय?"

साहेबांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला आणि शांतपणे म्हणाले, "त्याची जागा."

मला साहेब त्या क्षणी फार आवडले. पुढं लगेच त्यांनी मिसळीचं बिल मला द्यायला लावलं, ते सोडा.

* * *

ती जागा म्हणजे काय, ते आता सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

वाडीच्या एका अंगाला वाघजाईची राई आहे. देवाचं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. हिरडा, जांभूळ, ऐन असे वाढलेत की भरदुपारी आत शिरलं तर डोळ्यांना जरा वेळ लागतो. दुसऱ्या अंगाला, घाटाच्या कडेला, आमचं राखीव जंगल. दोन्हीमध्ये डोंगराची एक सोंड आडवी उतरते आणि ती ठार उघडी. नुसतं गवत. राईतलं शेकरू सोंडेपर्यंत येतं, शेवटच्या फांदीवर बसून ओरडतं आणि परत जातं. खाली उतरून चालणं त्याच्या रक्तात नाही. त्याला फांदीवरून फांदीवर जायला झाडं पाहिजेत.

झाडं उगवत नाहीत असं नाही. दर पावसाळ्यात रोपं वर येतात. दर उन्हाळ्यात सोंड पेटवली जाते आणि ती जळतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी कोंब जाड येतो, गोचीड मरतो, असं वाडीत पिढ्यानपिढ्या मानतात. पेटवायचा मान आबांच्या घराण्याचा.

प्रकल्पात मी एक गोष्ट पाहिली होती. जंगलाला जंगल जोडलेलं असलं की जनावर आपलं आपण चालत येतं. म्हणून मी ठरवलं, एक उन्हाळा ही सोंड जळू द्यायची नाही. एका वर्षात झाडं उभी राहत नाहीत हे मला कळतं. पण पहिलं वर्ष गेल्याशिवाय दुसरं येत नाही.

साहेब म्हणाले, "शेलार, माझ्या आधीच्या साहेबांनीही हेच ठरवलं होतं."

"मग?"

"मग काय. त्यांच्यानंतर मी आलो."

* * *

आबांची आणि माझी पहिली भेट सोंडेवरच झाली. होळी होऊन गेली होती. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल, आणि बंडीच्या खिशात एक निळं पेन. एका हातात वाळक्या गवताची पेंडी, दुसऱ्यात काडेपेटी. काडी ओढायच्या बेतातच मी आणि तात्या पोचलो.

मी काडेपेटी ताब्यात घेतली. वन गुन्हा वगैरे समजावून सांगितलं. आबांनी मान डोलावून सगळं ऐकलं. मग मी तात्यांना म्हटलं, "पंचनामा करायचाय. दोन पंच आणा."

तात्यांनी चौफेर पाहिलं. सोंडेवर आम्ही तिघं आणि एक घार. "एक पंच हितंच हाय की, ताई," ते म्हणाले. "आबाच. वाडीतल्या समद्या पंचनाम्याला त्यांचीच सही असती."

ते खरं होतं. बिबट्यानं शेळी नेली, डुकरांनी भात उकरला, काहीही असो, आबा पंच. चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर सुरेख, आणि पेन स्वतःचं. आबांनी तेवढ्यात ते पेन काढून टोपण उघडलंही होतं.

"आबा, आरोपी तुम्ही आहात," मी म्हटलं.

"व्हय की. म्हनून तर समदं ठावं हाय मला. दुसरा कोन मानूस यवढं नीट सांगंल तुमास्नी?"

गवताला काडी लागलेलीच नव्हती, तेव्हा साहेबांनी फोनवरून ताकीद देऊन सोडायला सांगितलं. काडेपेटी माझ्या पिशवीच्या कप्प्यात राहिली. जाताना आबा म्हणाले, "मॅडम, तुमी चांगल्या हाय. पर डोंगर कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई." मी म्हटलं, मीही ऐकत नाही. त्यावर ते पहिल्यांदा हसले.

* * *

मध्येच एक वरवे बुद्रुकचा किस्सा सांगते, कारण तो त्याच दिवसांतला.

गावाबाहेरच्या उसात गवा आला होता. अख्खा, काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. तो बिचारा बांधावर उभा राहून दम खात होता आणि भोवती जत्रा जमली होती. मोबाईल वर, पोरं खांद्यावर. लांब व्हा म्हणून सांगून साहेबांचा घसा बसला. एक आजोबा तर "शिंगाला हात लावू द्या, नशीब उघडतं" म्हणून पुढं सरकत होते.

शेवटी तात्यांनी कर्णा घेतला. "ज्यांच्या गाड्या हायवेच्या कडंला लावल्यात," ते म्हणाले, "त्या उचलायला ट्राफिकची गाडी आलीया."

उसाच्या कडेला गवा आणि आम्ही तिघंच उरलो. गवाही थोड्या वेळानं निघून गेला. त्याला बहुतेक गाडी नसावी.

आम्ही हसलो खरं, पण तो इतका खाली का उतरला ते आम्हाला माहीत होतं. त्याच आठवड्यात पलीकडचे दोन डोंगर जळाले होते. जनावर फिरायला बाहेर पडत नाही. त्याचं घर पेटलं की ते बाहेर पडतं. त्या संध्याकाळी जीपमधून मी त्या जळालेल्या डोंगरांकडेच बघत होते. साहेब म्हणाले, "तोंड कशाला पाडतेस? आपली सोंड अजून पिवळी आहे."

* * *

सोंडेच्या कडेला, राईच्या तोंडाशी, आम्ही ट्रॅप कॅमेरा बांधला होता. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. पण याआधीचा कॅमेरा कोणीतरी काढून नेला होता, म्हणून तात्या फार काळजीत होते.

काही आठवड्यांनी मी कार्ड काढून फोटो बघायला बसले. पहिल्या फोटोत एक बाई हात जोडून उभी. दुसऱ्यात नारळ. तिसऱ्यात दुसरी बाई, दुसरा नारळ. मग अगरबत्ती, मग नवं जोडपं. मध्ये एक भेकर, एक साळिंदर, आणि पुन्हा नारळ. एका फोटोत बिबट्या होता. अप्रतिम फोटो. तो नारळाचा वास घेत होता.

"तात्या, हे काय आहे?"

तात्या खाली बघत म्हणाले, "कुनी हात लावू नये म्हनून डब्याला जरासा शेंदूर लावला व्हता."

साहेबांनी डोक्याला हात लावला आणि तो कॅमेरा लगेच तिथून हलवायचा हुकूम दिला. आम्ही गेलो तर निम्मी वाडी झाडाखाली बसलेली, पुढं आबा.

"देव असा हलवता येत न्हाई," आबा म्हणाले. "वाघजाईचा कौल घ्यावा लागंल. ती व्हय म्हनली तर न्या."

"आणि नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर तुमी न्हाई, आमी न्हाई. कौल मोडायचा न्हाई. आमच्या चार पिढ्यांत कुनी मोडला न्हाई."

साहेबांनी 'चार पिढ्यांत कुणीच नाही?' म्हणून पुन्हा विचारून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेलार, कॅमेरा गेला खड्ड्यात. कौल सोंडेचाच मागू."

* * *

कौलाची रीत अशी. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. ज्याची जमीन त्या डोंगराला लागून, त्यानंच प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जे येईल ते सगळ्यांना बांधील.

सोंडेला लागून जमीन एकट्या आबांची. म्हणजे डोंगर राखायचा का, हे देवीला आबांनीच विचारायचं. मला वाटलं ते नकार देतील. त्यांनी दिला नाही. दोन दिवस विचार करतो म्हणाले, आणि दुसऱ्याच सकाळी धुतलेलं धोतर नेसून हजर.

वाघजाईच्या गाभाऱ्यात आम्ही दाटीवाटीनं बसलो. गुरवानं पाकळ्या लावल्या. आबांनी हात जोडले. "आई, औंदा डोंगर राखायचा का? व्हय असंल तर उजवी दे."

पाकळ्या हलेनात. साहेबांचा मोबाईल वाजला, त्यांनी तो मांडीखाली दाबला. तो मांडीखालीही वाजत राहिला. मी शहाणीसुरती, शिकलेली बाई, पण खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझं काळीज त्या डाव्या पाकळीला टांगलेलं होतं. ती पडली असती तर मला नोटीस, केस, काही करता आलं नसतं. केलं असतं तर त्या वाडीत मला कोणी पाणी विचारलं नसतं.

आबा पुन्हा म्हणाले, "आई, घाई न्हाई. पर फॉरेष्टवाल्यांचा फोन वाजतोय."

उजवी पडली.

आबांनी देवीला दंडवत घातला. बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांच्या बापानं, आज्यानं जो डोंगर पेटवला तो त्यांच्या हातून आता पेटायचा नव्हता. मला आनंद झाला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

शेवटी ते उठले. "म्या पेटवनार न्हाई आनि कुनाला पेटवू बी देनार न्हाई," ते म्हणाले. "पर देवीनं 'राखा' म्हनून सांगितलंय. नुसतं घरी बसा म्हनली न्हाई. खिंडीच्या कडंनं गवत काडा, जाळरेषा मारा. उद्यापासनं कोयतं घिऊन या. सायेब बी."

परतताना मी साहेबांना विचारलं, "डावी पडली असती तर?"

"तर मी बदली मागितली असती," साहेब म्हणाले. "तुझी."

* * *

जाळरेषा मारली. सोंडेच्या पश्चिमेला, खिंडीच्या तोंडाशी, गवत कापून जमीन उघडी केली, म्हणजे पलीकडून जाळ आला तर तिथं थांबावा. साहेबांच्या तळहाताला फोड आले आणि त्यांनी ते ऑफिसात सगळ्यांना दाखवले.

आबा मात्र आमच्याही पुढं गेले. त्यांनी नियम काढला. सोंडेवर जाणाऱ्यानं विडी, काडेपेटी, लायटर देवळाच्या पायरीवर ठेवायचं. गुराखी असो, पाहुणा असो. आमचे तात्या पंधरा वेळा तरी पायरीपाशी थांबून विडीला निरोप देताना मी पाहिलेत.

एका रविवारी पुण्याची पोरं तंबू आणि कोळशाची शेगडी घेऊन आली. आबांनी अडवलं. त्यातला एक म्हणाला, "आजोबा, तुम्ही कोण? फॉरेस्टचे का?"

"न्हाई."

"मग अडवताय कशाला?"

"चाळीस वरसं ह्यो डोंगर म्याच पेटवलाय," आबा म्हणाले. "तो कसा पेटतो ते माझ्याएवढं कुनाला ठावं न्हाई. शेगडी ठेव खाली."

पोरांनी शेगडी ठेवली. आबांनी त्यांना घरी नेऊन भाकरी-पिठलं खायला घातलं. जाताना पोरं आबांच्या पाया पडली आणि शेगडी तिथंच विसरली. आबांची कारभारीण तिच्यावर आता वांगी भाजते.

* * *

आता शेवटचा. हा कापूरहोळला नेहमी शेवटी येतो, कारण यानंतर कोणी दुसरा सांगत नाही.

वैशाखातली दुपार होती. वळवाची वाट बघत होतो. मी आणि तात्या वाडीत होतो, आणि जीप, सांगायला नकोच, कापूरहोळला. तिच्यात आमची सगळी आग विझवायची हत्यारं. साहेब तिच्याजवळ.

पहिला धूर आबांनी पाहिला. खिंडीच्या पलीकडून, कोकणाच्या अंगानं. कोणी लावला, कसा लागला, ते आजवर कळलेलं नाही. वारा पश्चिमेचा, सरळ आमच्या अंगावर. आम्ही पळत सोंडेवर गेलो. मागून वाडीतली माणसं, बायका, ओल्या डहाळ्या हातात.

वर पोचलो तेव्हा जाळ खिंडीतून चढत होता. कमरेएवढं वाळकं गवत आणि असा वारा. मी आमच्या जाळरेषेकडे पाहिलं. इतके दिवस घाम गाळून काढलेली ती पट्टी मला अचानक फार अरुंद वाटली. ठिणग्या तिच्यावरून उडी मारणार, हे दिसत होतं.

साहेबांना फोन लावला. "उलटा जाळ लावावा लागेल," मी ओरडले. रेषेच्या पलीकडचं गवत आपणच आधी पेटवायचं. येणाऱ्या वणव्याला खायला काही उरलं नाही की तो तिथंच मरतो. प्रकल्पात हे शिकवलेलं असतं.

"लाव," साहेब म्हणाले. "माझा हुकूम आहे. माझ्या नावावर लाव."

"काडेपेटी कोणाकडे आहे?" मी विचारलं.

सगळ्यांनी खिसे चाचपले. सगळ्या वाडीच्या काडेपेट्या, सगळे लायटर, तात्यांची विडीसुद्धा, खाली देवळाच्या पायरीवर. आबांचा नियम, पळत येतानाही कोणी मोडला नव्हता. अख्ख्या सोंडेवर एक ठिणगी नव्हती आणि समोर डोंगर जळत येत होता.

तात्या खाली पळायला निघाले. जाऊन येईपर्यंत सगळं संपलं असतं. मी हताश होऊन पिशवीत पाण्याची बाटली शोधायला हात घातला आणि कप्प्यात काहीतरी खुळखुळलं.

मी ती बाहेर काढली. आबांनी ओळखली. मी त्यांच्यापुढं धरली. "आबा, तुम्ही लावा. तुमचा हात बसलेला आहे."

आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "म्या न्हाई."

"आबा, सोंड जाईल!"

"जाईल. पर म्या देवीला शबुद दिलाय. माझ्या हातनं ह्या डोंगराला काडी लागनार न्हाई." त्यांचे डोळे धुरानं वाहत होते, किंवा धुरानं नसतील. "तुमी लावा, मॅडम. तुमी कौल इचारला न्हवता, आनि तुमी राखायलाच लावताय."

पहिली काडी विझली. दुसरीही. वारा काडी टिकू देईना. जंगल राखायची शपथ घेतलेली मी, स्वतःच्या हातानं ते पेटवत होते. आबा डोक्याचा टॉवेल सोडून वाऱ्याच्या आडवे उभे राहिले. काडीला हात लावला नाही, गवताला लावला नाही. नुसते आडवे उभे राहिले.

तिसरी लागली.

पुढचं नीट आठवत नाही. आम्ही रेषेवर डहाळ्या आपटत होतो, बायका ठिणग्या तुडवत होत्या. आमचा जाळ हळूहळू वाऱ्याविरुद्ध सरकला, त्यांचा धावत आला. दोन्ही एकमेकांना भिडले, ताडमाड उंच झाले आणि खाली बसले. पलीकडं सगळं काळं. अलीकडं सोंड, तशीच पिवळी, आणि गवताच्या बुडाशी गेल्या पावसाळ्यातली हिरड्याची रोपं.

आम्ही रेषेवरच बसलो. कोणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. मी रडत होते आणि ते पुसायला गेले तर काजळी आणखी पसरली. तात्यांनी पाणी दिलं.

आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. बंडीतून निळं पेन काढलं, टोपण उघडलं.

"काडा कागुद," ते म्हणाले. "पंचनामा करायचाय."

"कसला पंचनामा, आबा?"

"डोंगर पेटवल्याचा. आरोपी तुमी. काडेपेटी माजी. समदं खरंखरं लिवा, म्या सही करतो."

तात्यांना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि म्हटलं, "बरं. पण दोन पंच लागतात. एक तुम्ही. दुसरा कोण?"

आबा हसले नाहीत. त्यांनी पेनानं माझ्या पाठीमागं, वाघजाईच्या राईकडं दाखवलं.

"ती हाय की," ते म्हणाले. "बगत व्हती."